कॅम्पस रेडिओवर दर आठवड्याला मराठीचा एक तास मिळतोय, घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, युनिव्हर्सिटीत मुलांचा रेडिओ चालतो, तिथल्या सीनियरने विचारलंय की दर आठवड्याला एक तास मराठी शो करशील का. पुढे आरजे व्हायचं मनात आहे. पण आवाज काही भारी नाही, मराठी घरातली म्हणजे अर्धी हिंदी, आणि मराठी ऐकणार तरी कोण. दोन वर्षं यात घालवावीत का, आणि दहा हजारांचा माइक घ्यावा का.

अरे-तुरे करते, राग मानू नकोस, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. मी ग्रॅज्युएशन आणि एमए अशी सगळी वर्षं इथेच इंदूरमध्ये मुलांच्या रेडिओवर शो केलेत, नंतर बरेच दिवस आकाशवाणीत युववाणीला, म्हणजे तरुणांच्या कार्यक्रमाला, कंपीअर (निवेदक) म्हणून जायचे, आणि आता पोटापाण्याचं कामही ऑडिओचंच आहे, म्हणजे रेकॉर्डिंग, एडिटिंग आणि अधूनमधून कॉलेजच्या मुलांची वर्कशॉप. त्यामुळे थोडं लांबेल.

आधी एक सांगते. आवाज, भाषा आणि श्रोते या तुझ्या तिन्ही काळज्या पहिल्या एपिसोडच्या आहेत, आणि पहिला एपिसोड सगळ्यांचाच निभावतो, मित्र ऐकतात, आई स्टेटसला लावते, झालं. शो बंद पडतात ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि आवाज वाईट होता म्हणून कोणाचा शो बंद पडलेला मी बघितला नाही, सांगायला काही उरलं नाही म्हणून बंद पडलेले मात्र भरपूर बघितले. हिशोबच करून बघ ना. तासाला आठ गाणी धर, चार-साडेचार मिनिटांची, म्हणजे पस्तीसेक मिनिटं गेली, जिंगल आणि प्रोमोला तीन मिनिटं दे, तरी वीस-बावीस मिनिटं बोलायची उरतात. रेडिओवर नीट समजेल असं बोलायचं तर मिनिटाला साधारण १२० शब्द जातात. म्हणजे दर आठवड्याला अडीच हजार शब्द! आणि सेमिस्टरला पंधरा आठवडे. एवढं तू एकटा खोलीत बसून डोक्यातून काढणार असशील तर तिसऱ्या आठवड्यापासून सुविचार वाचायला लागशील, चौथ्यात नेटवरून उचललेली रंजक माहिती, आणि पाचव्यात तुझा तुलाच कंटाळा येईल. म्हणून शो घ्यायचा की नाही हे ठरवताना खरा प्रश्न हा, की आठवड्यातून दोन वेळा खोलीबाहेर पडून कोणाकडून तरी काहीतरी रेकॉर्ड करून आणायची तुझी तयारी आहे का. असेल तर डोळे मिटून हो म्हण. नसेल तर दुसऱ्याच्या शोला एडिटिंग कर, तेही छान काम आहे आणि तिथे सहसा कोणी मिळत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमचा रेडिओ ऐकू कुठून येतो हे तू लिहिलंच नाहीस, आणि निम्मं उत्तर त्यावर आहे.

कॅन्टीनच्या स्पीकरवरून वाजत असेल, आमचा बराच काळ तसाच होता, तर हे समजून घे की दुपारी एक वाजता तिथे ताटं आपटतायत, कोणीतरी ओरडून कचोरी मागतंय आणि स्पीकर सगळा ढबढब वाजतोय. तिथे चार मिनिटांची हळवी आठवण सांगून काही उपयोग नाही. लिंक, म्हणजे दोन गाण्यांच्या मधलं बोलणं, तीस-चाळीस सेकंदांची, कामाची गोष्ट दोनदा सांगायची, एकदा सुरुवातीला आणि एकदा गाण्यावर जायच्या आधी, आणि दोन जण बोलत असतील तर एक आवाज जाड एक पातळ असा, नाहीतर कोण बोलतंय कळतच नाही. गंमत म्हणजे कॅन्टीनमध्ये कोणी ऐकत नाही असं वाटतं, पण एखाद्याचं नाव चुकीचं घेतलं तर पाच मिनिटांत तो स्टुडिओच्या दारात उभा असतो.

लायसन्सवालं एफएम असेल, म्हणजे कम्युनिटी रेडिओ, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे शैक्षणिक संस्थांना ही परवानगी २००२ च्या शेवटी मिळाली, चेन्नईचं अण्णा एफएम १ फेब्रुवारी २००४ ला सुरू झालं, ते देशातलं पहिलं कॅम्पस स्टेशन, आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. पॉवर कमी, सहसा १०० वॅटपर्यंत, त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. इंदूरसारख्या शहरात हे भरपूर झालं, खंडवा रोडवरच्या कॅम्पसमधून सुरू केलं तर राजवाडा त्यात येतोच. पण नियम पाळावे लागतात. निदान अर्धा कार्यक्रम स्थानिक पातळीवर बनवलेला हवा. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र मात्र जसंच्या तसं लावता येतं. राजकारण बंद. हे ऐकून मुलांचा चेहरा पडतो, पण परीक्षांच्या तारखा, अ‍ॅडमिशन, ट्रॅफिक, हवामान, स्थानिक खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रम हे बातम्यांत धरत नाहीत, म्हणजे मुलांना खरोखर लागतं ते सगळं देता येतं.

आणि नेटवर स्ट्रीम असेल किंवा पॉडकास्ट म्हणून टाकत असाल तर गाण्यांचं बघा. रेडिओवर गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्यात एक वैधानिक परवान्याची, म्हणजे ठरलेली रॉयल्टी भरून गाणं लावायची, सोय आहे, कलम ३१-डी, पण ती इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही असं मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. त्यामुळे एफएमवर लावलेला तासच्या तास उचलून नेटवर टाकायचा नाही, गाणी काढून नुसतं बोलणं टाकायचं. नेटवर काय टाकायचं हा निर्णय फॅकल्टी कोऑर्डिनेटरकडून लेखी घे, तोंडी नको.

आता माल कुठून आणायचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मागे वळून बघितलं तर माझ्या इतक्या वर्षांच्या शोमधलं जे काही आजही ऐकावंसं वाटतं त्यात माझं बोलणं जवळजवळ नाहीच, दुसऱ्यांचं आहे.

नवीन मराठी प्रेझेंटर आला की २८ सप्टेंबरला लताबाईंचा शो करतो. साहजिक आहे, १९२९ मध्ये त्यांचा जन्म इंदूरचा, आपल्याला अभिमान. पण त्या दिवशी शहरातला प्रत्येक रेडिओ तेच करतो आणि त्यांच्याकडे गाणी तुझ्यापेक्षा जास्त आहेत. तुझ्याकडे काय जास्त आहे? तुझी आजी. शेजारचे काका. रामबाग, लोकमान्य नगर, स्नेहलतागंज इथल्या जुन्या घरांत अजून अशी माणसं आहेत की ज्यांनी होळकर टीमच्या मॅचच्या गोष्टी वडिलांकडून ऐकल्यात, चार वेळा रणजी जिंकलेली टीम होती ती, सी. के. नायडूंची. त्यांच्याकडे जायचं, चहा प्यायचा आणि फोन मध्ये ठेवून वीस मिनिटं ऐकायचं. त्यातली चार मिनिटं वापरायची.

मला स्वतःला सगळ्यात जास्त मिळालं ते मिलवाल्यांकडून. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले हलते देखावे, तू बघितल्या असशीलच, रात्रभर चालतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या मिलही गेल्या, पण बंद मिलचे कामगार वर्गणी करून झांकी काढतच राहिले. मी एका निवृत्त फिटर आजोबांना विचारलं होतं की झांकीतला हत्ती सोंड कशी हलवतो, बस एवढंच, आणि ते अर्धा तास मोटर, पट्टा आणि सायकलची चेन यावर बोलले, मध्येच मिलच्या भोंग्यावर गेले, भोंग्यावरून पगारावर. मी जर “मिल बंद झाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं” असं विचारलं असतं तर “वाईट वाटलं” एवढं म्हणून थांबले असते. हे लक्षात ठेव, माणसाला त्याच्या भावना विचारू नकोस, त्याचं काम कसं चालायचं ते विचार, भावना त्यात आपोआप येतात. रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी नाव, आणि “हे रेडिओवर लावलं तर चालेल ना” हे त्यांच्याच आवाजात घे, नंतर घरच्यांनी काही म्हटलं तर तुझ्याकडे ते असतं.

शिवाय आपल्याकडे सानंद या संस्थेचं मराठी नाटक असतं तेव्हा इतकी मराठी माणसं एका ठिकाणी येतात, तिथे पार्किंगमध्ये उभं राहून बाहेर पडणाऱ्यांना एकच प्रश्न विचार, नाटकात झोप कुठे लागली. कसं वाटलं असं विचारलंस तर सगळे “छान” म्हणतील. महाराष्ट्र साहित्य सभेत जा, रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर पहाटे झाडणाऱ्यांना विचार किती वाजता आलात. सरवटे बस स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलेली मुलं, पहिल्या नोकरीला निघालेली, त्यांच्या बॅगेत आईने काय काय कोंबलंय. हॉस्टेलच्या रात्रीच्या वॉचमनला विचार. यातलं एक-एक घेतलं तरी सेमिस्टर निघतं.

प्राध्यापकांना बोलवायचं तर जपून. बोलवून तयारी न करणं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून चूल न पेटवणं, मग ते आपलं लेक्चर सुरू करतात आणि चाळीस मिनिटं थांबत नाहीत. आधी भेट, त्यांच्या विषयातली एकच गोष्ट ठरव, आणि स्पष्ट सांग की सर, सात मिनिटं आहेत. तसं सांगायची हिंमत होईपर्यंत लाइव्ह बोलवू नकोस, रेकॉर्ड कर.

भाषेचं. तुझी मराठी हिंदीमिश्रित आहे म्हणतोस, तर ती इंदूरची मराठी आहे, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. मी वर्कशॉपमध्ये बघते, घरी मस्त गप्पा मारणारी मुलगी माइक लागला की एकदम पुण्याच्या बातम्या द्यायला लागते, “सदर कार्यक्रमाचे आयोजन करण्यात आलेले आहे” वगैरे, आणि प्रत्येक वाक्यात अडखळते, कारण ती भाषा तिची नाहीच. आपल्या आकाशवाणी इंदूरवरचे नंदाजी-भेराजी आठव, खेती गृहस्थीवाले. शेतीच्या कोरड्या सूचना ते मालवीत गप्पा मारत सांगायचे आणि गावोगाव लोक रेडिओला कान लावून बसायचे. शेतकऱ्याशी शेतकऱ्याच्या भाषेत. तू पण घरी बोलतोस तसंच बोल. फक्त दोन ठिकाणी सांभाळ, आकडे आणि नावं. आकडे मराठीत नीट येत नसतील तर स्क्रिप्टमध्ये अक्षरात लिहून ठेव, एकोणसाठ-एकोणसत्तरला भलेभले चाचपडतात. आणि पाहुण्याचं आडनाव त्यालाच विचारून घे.

ऐकणार कोण, याचं उत्तर मी तुला देऊ शकत नाही आणि आकडाही कधी नीट कळणार नाही. पण मुलांच्या रेडिओचा एक फायदा आहे जो मोठ्या स्टेशनला नाही: तू ज्याचा आवाज लावतोस त्याचं अख्खं घर ऐकतं. फिटर आजोबांचा एपिसोड त्यांच्या गल्लीने बसून ऐकला होता. दर आठवड्याला एका माणसाला शोमध्ये आणलंस तर सेमिस्टरच्या शेवटी पंधरा घरं तुझी झाली, आणि ती घरं पुढच्या माणसाचं नाव सुचवतात, मग माल शोधावा लागत नाही. त्यांना वेळ आणि दिवस आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळव, आणि नंतर त्यांचा तुकडा पाठव. हे कोणी करत नाही.

तयारीबद्दल एकच पद्धत सांगते, जी माझ्या कामात आजही आहे. लिंक लिहिताना शेवटचं वाक्य आधी लिही. सुरुवात कशीही होते रे, मूड असतो, पण संपवायचं कसं हे ठरलेलं नसलं की माणूस “तर मित्रांनो, असं हे सगळं...” म्हणत गोल गोल फिरतो आणि गाण्याचं सुरुवातीचं म्युझिक संपून गायकाच्या आवाजावर आपला आवाज येतो. शेवटचं वाक्य हातात असलं की मधलं विसरलं तरी तिथे पोचता येतं. पूर्ण स्क्रिप्ट वाचू नकोस, वाचलेलं ऐकणाऱ्याला लगेच कळतं, मुद्दे आणि शेवटचं वाक्य पुरे. आणि समोर घड्याळ ठेव, फोनचं नको, फोन हातात घेतला की मेसेज दिसतो.

महिन्यातून एकदा स्वतःचा जुना एपिसोड पूर्ण ऐक. नकोसं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. पेन घेऊन बस आणि किती वेळा “म्हणजे”, “अ‍ॅक्च्युली”, “तर” आलं त्याच्या रेघा मार. दोन महिन्यांत निम्म्या होतात, दुसरं काही करावं लागत नाही.

अजून एक, कंटाळवाणं पण महत्त्वाचं. मुलांच्या रेडिओची खरी अडचण मशीन नसते, बॅच बदलणं असते. मे महिन्यात सीनियर जातात, त्यांच्याबरोबर पासवर्ड, हार्ड डिस्क आणि कोणत्या बटणाने स्पीकरमध्ये घूं असा आवाज येतो हे सगळं ज्ञान जातं, जुलैत नवीन मुलं पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून फाइलला आधी तारीख, मग माणसाचं नाव, मग विषय असं नाव दे, “फायनल फायनल २” असलं नको, दोन ठिकाणी ठेव, आणि जानेवारीपासूनच एखाद्या ज्युनियरला बाजूला बसव. परीक्षेच्या आठवड्यांसाठी दोन एपिसोड आधीच तयार ठेव, सहा महिने चालतील असे, ज्यात तारखेचा उल्लेख नाही.

आरजे व्हायचं म्हणतोस, तर मराठी शो त्याला थेट कामाला येणार नाही, हे खरं आहे. इंदूरचं प्रायव्हेट एफएम हिंदीत चालतं. रेडिओ मिर्चीचं देशातलं पहिलं स्टेशन इथेच सुरू झालं होतं, ऑक्टोबर २००१ मध्ये, आणि तेव्हापासून इथल्या कॉलेजमधल्या प्रत्येक बॅचमध्ये पाच-सहा जणांना आरजे व्हायचंच असतं. त्या सगळ्यांच्या डेमोमध्ये सुरुवातीला “गुड मॉर्निंग इंदौर” असतं. तुझ्या डेमोमध्ये गाणी कापून तीन मिनिटं नुसत्या लिंक ठेव, त्याला एअरचेक म्हणतात, आणि त्यात एक तुकडा दुसऱ्या माणसाला बोलतं केल्याचा असू दे. ऐकणाऱ्याला मराठी येत नसलं तरी समोरचा माणूस खुलला की नाही हे कळतं. आकाशवाणीचा रस्ता वेगळा आहे, तिथे लेखी परीक्षा आणि आवाजाची ऑडिशन असते, ड्यूट्या महिन्यातून मोजक्याच मिळतात, त्यावर घर चालत नाही, पण मालवा हाउसच्या, म्हणजे आकाशवाणी इंदूरच्या, स्टुडिओत जे शिकायला मिळतं ते कुठेच नाही, तिथे चुकीचा उच्चार कोणी सोडत नाही. आणि आरजे नाही झालास तरी पॉडकास्ट, ऑडिओबुक, डबिंग, इव्हेंट यात कामं आहेत आणि तिथे मराठीचे पैसे वेगळे मिळतात, दोन्ही भाषा येणारा माणूस त्यांना हवाच असतो.

बाकी घरचे “टाइमपास आहे” म्हणतील तर सांग की १९३५ मध्ये म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरातून रेडिओ स्टेशन चालवलं होतं, आकाशवाणी हे नाव त्याच स्टेशनचं. वडिलांवर याचा किती परिणाम होईल माहीत नाही, माझ्या वडिलांवर नव्हता झाला.

दोन वर्षांचं वचन आत्ताच देऊ नकोस. एक सेमिस्टर म्हण, आणि हो म्हणायच्या आधी चार माणसांची नावं कागदावर लिहून बघ ज्यांना तू या महिन्यात रेकॉर्ड करू शकतोस. चार सुचली तर घे.

माइक. दहा हजारांचा नको. स्टुडिओत आहे तोच वापर, साधा डायनॅमिक असेल तर उलट बरं, आजूबाजूचा आवाज कमी घेतो, कंडेन्सर घेतलास तर शेजारच्या खोलीतला पंखाही येईल. तोंडापासून मूठभर अंतर, आणि सरळ समोर नाही, जरा तिरका, म्हणजे प आणि फ फुटत नाहीत. बाहेरच्या रेकॉर्डिंगला फोन चालतो, एरोप्लेन मोडवर टाकून, आणि निघताना त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घे, कोणी न बोलता, एडिटला कापलेल्या जागा भरायला लागतो. एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर कान पूर्ण झाकणारा, वायरवाला एक हेडफोन घे. ब्लूटूथ नको, आवाज जरा उशिरा येतो आणि बोलताना गडबडायला होतं.